बांधकामाची आखणी : विश्वस्त व व्यापारी बंधूंसाठी

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. लग्नाची दगदग चार दिवसांत संपते. बांधकामाची मात्र वर्षानुवर्षे पुरते. आपल्या व्यापारी वर्गातील बहुतेकांना आयुष्यात एखादे तरी बांधकाम हाती घ्यावे लागते. कोणी गोदाम बांधतो, कोणी पेढी, कोणी राहते घर. त्याहूनही अधिक बंधू कोणत्या ना कोणत्या देरासराच्या, उपाश्रयाच्या किंवा धर्मशाळेच्या बांधकाम समितीवर बसतात. स्वतःच्या गोदामात हिशेब चुकला तर तोटा एकट्याचा होतो. समितीवर बसल्यावर हातून खर्च होणारा पैसा संघाचा असतो, आणि त्या पैशाला आपल्याकडे खात्यांची कडक शिस्त आहे. देवद्रव्य धर्मशाळेला लावता येत नाही, ज्ञानद्रव्य गच्चीला लावता येत नाही. म्हणून धर्मशाळेचा खर्च फुगला म्हणजे शेजारच्या खात्यात कितीही शिल्लक असो, काम थांबते. सळ्या गंजत उघड्या पडलेल्या अर्धवट इमारती आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्यांतील बऱ्याच दात्यांच्या अभावी नव्हे, तर आखणीच्या अभावी तशा उभ्या आहेत.

आखणी म्हणजे केवळ नकाशा नव्हे. नकाशा काय बांधायचे ते सांगतो. कोणते काम कोणत्या कामाच्या आधी, त्यास किती दिवस, त्या दिवशी हाती किती रक्कम आणि तो निर्णय कोणाचा, हे ठरवणे म्हणजे आखणी. माझ्या मते बांधकामाचा खरा खर्च विटा-सिमेंटपेक्षा या क्रमात अधिक दडलेला असतो, आणि हा क्रम पहिली कुदळ पडण्यापूर्वी ठरला पाहिजे.

याचे मोठे उदाहरण आपल्या सुरतेजवळूनच जात आहे. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेची कोनशिला १४ सप्टेंबर २०१७ रोजी बसली. मार्ग ५०८ किलोमीटरचा, स्थानके १२. त्यांपैकी सुरतेचे स्थानक अंत्रोली येथे. काम डिसेंबर २०२३ पर्यंत पुरे व्हावे असे मूळ उद्दिष्ट होते. ते साधले नाही. यंत्रे नव्हती किंवा कर्ज मिळाले नव्हते असे नाही. जपानचे कर्ज आधीच ठरलेले होते. अडले ते जमिनीपाशी. गुजरातेत जमीन बरीचशी लवकर हाती आली, म्हणून वापी ते वडोदरा या २३७ किलोमीटरच्या टप्प्याचे कंत्राट नोव्हेंबर २०२० मध्ये देता आले, आणि चाळीस मीटर लांबीच्या, सुमारे ९७० टन वजनाच्या अखंड तुळया खांबांवर चढू लागल्या. संपूर्ण मार्गाचे भूसंपादन पूर्ण झाल्याचे मात्र जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले, म्हणजे मूळ मुदत उलटून गेल्यावर.

कोकण रेल्वेचा अनुभव याच्या उलट बाजूने बोलका आहे. १९९० साली महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्या हाताखालील मंडळींनी प्रथम जमीनमालकांची दारे गाठली. चाळीस हजारांहून अधिक मालकांशी व्यवहार करून बहुतेक जमीन त्यांनी आरंभीच्या काळातच ताब्यात घेतली. तरीही पाच वर्षांचे काम सात वर्षांवर गेले आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. त्याचे एक मोठे कारण गोव्यातील पेडण्याच्या बोगद्यातील भुसभुशीत माती. कठीण खडकातील लांबलचक बोगदे ठरल्याप्रमाणे होत होते. मऊ माती मात्र पुनःपुन्हा ढासळत होती. तात्पर्य, जमीन हाती असणे ही एक गोष्ट, आणि त्या जमिनीच्या पोटात काय आहे हे ठाऊक असणे ही दुसरी.

दोन्ही गोष्टी आपल्या लहान कामांनाही तंतोतंत लागू पडतात. सातबारा कोणाच्या नावे आहे, जमीन बिनखेती झाली आहे का, वारसांपैकी कोणाची सही राहिली आहे का, हे वकिलाकडून लेखी घेतल्यावाचून खातमुहूर्त करू नये. महानगरपालिकेची रजाचिठ्ठी हाती येण्यापूर्वी मजूर बोलावू नयेत. आपल्या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला तर भिंतीही ऋतुमानाप्रमाणे हलतात. म्हणून दोन-तीन ठिकाणी बोअर घेऊन मातीची परीक्षा करवावी आणि पाया किती खोल न्यायचा हे इंजिनिअरने ठरवावे, मुकादमाने नव्हे. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुरात अडाजण-रांदेर भागात तळमजले बुडाले होते. तेव्हा जोते किती उंच ठेवायचे हा प्रश्नही कागदावरच सुटला पाहिजे. बांधून झालेले जोते कोणालाही उचलता येत नाही.

आता क्रमाकडे वळू. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत, रेमिंग्टन रँड कंपनीच्या साह्याने, एक पद्धत तयार झाली. तिला आपण ‘निर्णायक मार्गाची पद्धत’ म्हणू. नाव भारदस्त असले तरी कल्पना सोपी आहे. प्रत्येक कामास किती दिवस लागतील आणि ते कोणत्या कामानंतरच सुरू होऊ शकते, एवढेच लिहायचे. मग एकामागून एक येणाऱ्या कामांची जी साखळी सर्वांत लांब भरते, तीच इमारतीची मुदत. त्या साखळीतील एक दिवस चुकला तर संपूर्ण इमारत एक दिवस लांबते. साखळीबाहेरच्या कामात थोडी दिरंगाई झाली तरी बिघडत नाही.

उदाहरणादाखल तळमजला व वर तीन मजले अशी एक धर्मशाळा घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. खोदाई, पाया व जोते ७५ दिवस. चार स्लॅब, प्रत्येकी २५ दिवस, म्हणजे १००. शेवटच्या स्लॅबनंतर गिलावा, वीज, नळ, फरशी, रंग मिळून १२०. एकूण २९५ दिवस. आता यात्रेकरूंसाठी लिफ्ट घ्यायची आहे. मागणी नोंदवल्यावर ती यायला १५० दिवस आणि बसवायला ३० दिवस लागतात असे धरू. बहुतेक समित्या शेवटचा स्लॅब पडला म्हणजे पेढे वाटतात आणि मग लिफ्टचा विचार करतात. तो दिवस १७५ वा. त्यात १८० मिळवा. लिफ्ट ३५५ व्या दिवशी चालू होईल. रंग दिलेली इमारत साठ दिवस रिकामी उभी राहील, पहारेकऱ्याचा पगार चालू राहील, व्याज चालू राहील. हीच मागणी ११५ व्या दिवशी, म्हणजे तीन स्लॅब पडायचे असतानाच, नोंदवली असती तर दोन्ही कामे एकाच दिवशी संपली असती. येथे एक रुपयाही जास्त खर्चावयाचा नाही. फक्त चिठ्ठी दोन महिने आधी लिहावयाची आहे.

देरासराच्या कामात हीच साखळी निराळी पडते. तेथे पाया किंवा स्लॅब नव्हे, तर दगडावरील कोरीव काम सर्वांत लांब असते. मकराण्याचा किंवा अंबाजीचा संगमरवर निवडणे, सोमपुरा शिल्पींचे नकाशे, कोरणी, वाहतूक, या सर्वांस पायापेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो. म्हणून दगडाचा करार खातमुहूर्ताच्या आधी व्हावा, नंतर नव्हे.

मुदत जाहीर करण्याची आपली रीतही येथे तपासून पाहण्याजोगी आहे. कार्तिकी पौर्णिमेस चातुर्मास उठतो, साधू-साध्वी विहार करतात, आणि त्याच उत्साहात खोदाई सुरू करून ‘पुढचा चातुर्मास नव्या वास्तूत’ अशी घोषणा होते. वर मांडलेले २९५ दिवस कार्तिकी पौर्णिमेपासून मोजले तर ते भाद्रपदात संपतात. आषाढ शुद्ध चतुर्दशी त्याच्या जवळजवळ दोन महिने आधी येऊन गेलेली असते. म्हणजे घोषणा केली त्याच दिवशी ती अशक्य होती. मग काय होते? स्लॅबखालचे टेकू लवकर काढले जातात, गिलावा ओल्या भिंतीवर चढतो. लहान गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, साडेचार मीटरहून लांब गाळ्याचे चौदा दिवस आणि सहा मीटरहून लांब तुळईचे एकवीस दिवस ठेवावेत असे भारतीय मानक सांगते. काँक्रीटची परीक्षा अठ्ठावीस दिवसांनी होते. सिमेंट कोणाची घोषणा ऐकत नाही. काही जण तळमजल्याचे सभागृह आधी पुरे करून तेथे चातुर्मास करवण्याचा मार्ग सुचवतात. डोक्यावर सेंटरिंग चालू असताना खाली व्याख्यान, हा मार्ग मला मुळीच पसंत नाही. मुहूर्त ठरलेलाच असेल तर त्या दिवसापासून उलटे मोजत यावे, आणि आरंभाची तारीख मागे पडलेली दिसली तर संघासमोर उभे राहून पुढील वर्षाची तारीख सांगावी.

मोजताना आपल्या प्रांताची पंचांगे दोन धरावीत. एक पावसाचे : खोदाई व पाया ज्येष्ठाच्या आत उरकला पाहिजे. दुसरे मजुरांचे : सुरतेतील बांधकामांवर दाहोद, झाबुआ, नंदुरबारकडील आदिवासी मजूर मोठ्या संख्येने येतात आणि होळीला गावी जातात. फाल्गुनातील ते दिवस कागदावर कामाचे धरणारा वेळापत्रक नव्हे, मनोराज्य लिहीत असतो.

पैशाच्या बाबतीत व्यापाऱ्यास शिकवण्याची गरज नसावी. तरी समितीत बसला की तो हिशेब विसरतो असा अनुभव आहे. बोलीत बोललेली रक्कम आणि तिजोरीत आलेली रक्कम या निराळ्या गोष्टी आहेत. बांधकामाचा खर्च आरंभी हळू, मध्ये झपाट्याने आणि शेवटी पुन्हा हळू होतो. स्लॅबच्या महिन्यांत लोखंड, सिमेंट व मजुरी एकदमच मागणी करतात. म्हणून महिनावार दोन रकाने करावेत, येणे व देणे, आणि ज्या महिन्यात देणे वरचढ दिसेल तो महिना दात्यांना सहा महिने आधी दाखवावा. अंदाजपत्रकात पाच ते दहा टक्के रक्कम अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवावी; झुंबरासाठी नव्हे.

कंत्राट ठोक द्यावे की बाबवार दराने, हा नेहमीचा वाद. नकाशे पूर्ण असतील आणि बदल होणार नसतील तर ठोक ठीक. परंतु समितीत सात सभासद आणि सातांची सात मते असतील तर बाबवार दरच बरा. मात्र मोजवही रोजच्या रोज लिहिली जावी आणि झाकले जाणारे काम, म्हणजे पाया, सळ्या, भिंतीतील नळ, झाकण्यापूर्वी मोजून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या व्हाव्यात. बदल सांगण्याचा अधिकार एकाच व्यक्तीस असावा आणि तोही लेखी. एका संस्थेच्या कामावर सकाळी एक विश्वस्त भिंत पाडावयास सांगत व संध्याकाळी दुसरे तीच उभारावयास सांगत. कंत्राटदाराने दोन्हींचे बिल लावले, आणि त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

मंजूर नकाशाबाहेर मजला चढवण्याचा मोह तर मुळातच टाळावा. २४ मे २०१९ रोजी सरथाणा येथील तक्षशिला इमारतीस आग लागून २२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक शिकवणीस आलेले विद्यार्थी होते. वाढीव वरच्या मजल्यावरून उतरावयास त्यांना वाट उरली नव्हती. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे केंद्र दूर कच्छमध्ये असूनही सुरतेत इमारत कोसळून माणसे दगावली. जिना, पाणी, आगीचा बंदोबस्त व खांबांची ताकद यांत काटकसर सुचवणाऱ्या सभासदास समितीने नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा.

साहित्याच्या साठवणीबद्दल दोन शब्द लिहितो, कारण हा विषय धान्याच्या धंद्याच्या जवळचा आहे. सिमेंटच्या गोणीस गव्हाच्या गोणीसारखेच वागवावे : जमिनीपासून उंच फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, थप्पी दहा गोण्यांहून उंच नाही, आणि आधी आलेली गोणी आधी बाहेर. तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये. रेतीचा प्रकार मात्र धान्याहून गमतीदार आहे. धान्य ओले झाले की वजनात भरते; रेती ओलसर झाली की मापात भरते. थोड्या ओलाव्याने तिचे घनफळ पाव हिश्शापर्यंत फुगू शकते, म्हणजे घमेल्याने मोजली तर रेती कमी आणि पैसे पूर्ण. परीक्षा घरीच होते. काचेच्या पेल्यात ओलसर रेती भरून खूण करावी, मग पाणी ओतून हलवावी. पूर्ण भिजलेली रेती खाली बसते आणि खूण किती उतरली ते दिसते. ट्रक उतरवण्यापूर्वी ही परीक्षा होऊ लागली म्हणजे पुरवठादारही सावध होतो.

काम संपत आले की सर्वांचे लक्ष उद्घाटनाकडे लागते. इमारत उभी राहणे आणि वापरात येणे यांत अंतर असते. खजोद येथील हिरे बाजाराच्या भव्य वास्तूचे उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी झाले, परंतु व्यापार तिकडे सावकाशच वळू लागला. आपल्या लहान वास्तूंसाठी इतके करावे : बी. यू. परवानगी, आगीच्या व्यवस्थेचा दाखला आणि नळ व वीज प्रत्यक्षात कोठून गेले ते दाखवणारे नकाशे हाती घेतल्यावाचून ताबा घेऊ नये. प्रत्येक बिलातून राखून ठेवलेली रक्कम पहिला पावसाळा उलटल्यावर, गच्ची, मोऱ्या व तळघर तपासून, इंजिनिअरच्या सहीनिशी द्यावयाची, हे कलम करारात आरंभीच घालावे.