शब्दांची नाती

इंग्रजीतील अवघड शब्द पाहून तुम्ही घाबरता ना? परीक्षेच्या आदल्या रात्री शब्दांची यादी पाठ करायची आणि आठ दिवसांत विसरायची, असे पुष्कळांचे होते. दहावीनंतर विज्ञान शाखेला गेलात तर जाड इंग्रजी पुस्तके वाचावी लागतात. तेथे हे पाठांतर पुरे पडत नाही. मग काय करावे? शब्दांची नाती ओळखावीत.

आपले दाभोळ हे वाशिष्ठी नदीच्या मुखाशी वसलेले जुने बंदर. बहामनी काळात येथे अरबस्तानातून घोडे येत. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफनासी निकितिन मायदेशी परतताना येथूनच जहाजात बसला. अशा बंदरांतून मालाबरोबर शब्दांचीही ये-जा होत असे.

'मौसम' हा मूळ अरबी शब्द. मराठीत तो 'मोसम' झाला. पोर्तुगीजांमार्फत तो इंग्रजीत गेला आणि 'मॉन्सून' झाला. अरबी 'सिफ्र' म्हणजे शून्य. 'झीरो' आणि 'सायफर' हे दोन्ही शब्द त्याच्यापासूनच आले. 'मख्जन' म्हणजे कोठार. इंग्रजीत त्याचे 'मॅगझीन' झाले. आधी त्याचा अर्थ कोठार असाच होता. १७३१ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकाने ते नाव घेतले. पुढे १९०१ मध्ये लाहोरहून 'मख्जन' नावाचेच उर्दू मासिक निघाले!

ज्यांचे असे नाते नाही, त्या शब्दांचे मूळ शोधा. 'किताब', 'कातिब', 'मकतब' हे एकाच मुळाचे शब्द आहेत, हे तुम्ही जाणता. तसेच लॅटिन भाषेत 'वाहून नेणे' या अर्थाच्या एका मुळापासून 'इम्पोर्ट', 'एक्स्पोर्ट', 'ट्रान्स्पोर्ट' हे शब्द बनले. एक मूळ कळले की अनेक शब्द आपोआप कळतात.

मात्र सावध राहा. नाते असले तरी अर्थ बदलतो. उर्दूत 'तारीफ' म्हणजे स्तुती, तर त्याचाच नातलग 'टॅरिफ' म्हणजे दरपत्रक. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. मराठीत 'शिकस्त करणे' म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा करणे. म्हणून शब्दकोश जवळ ठेवा. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत शब्द अरबी, फारसी की संस्कृत हेही खुणेने दाखविले आहे.

एक वही करा. तिच्यात तीन रकाने आखा: शब्द, त्याचे नातलग आणि तुम्ही स्वतः रचलेले वाक्य. रोज तीनच शब्द लिहा. वाक्यात वापरलेला शब्द सहसा विसरत नाही.

घरची कोकणी, शाळेतली उर्दू आणि ही मराठी तुम्हाला येते. एवढी शिदोरी जवळ असताना इंग्रजीला का भ्यावे? आजच वहीत पहिला शब्द लिहा.