हप्त्याचा मंगळवार

पहाटे साडेपाच. फजरची नमाज झाली की नगरच्या मुकुंदनगरातल्या आमच्या घरात मशीन सुरू होतं. काल कापलेल्या दोन कुर्त्यांच्या कडा पोरं उठायच्या आत ओव्हरलॉक करून घेते. मग चहा, डबे, शाळा.

दहा वाजता कापड बाजार. अस्तर, लेस, चेन. दुकानदार उधारी देतो, पण मीटरमागे दोन रुपये चढवून. रोकड असली की मला घासाघीस करता येते.

बारा. पुन्हा मशीनवर. हे ओव्हरलॉक घेताना आठवड्याच्या वसुलीला दारात येणाऱ्या फायनान्सचं कर्ज सहज मिळत होतं. पण व्याज आमच्यात हराम. त्यापायी कितीतरी बायका बँकेची पायरीही चढत नाहीत, अडचणीला गळ्यातलं मोडतात. मी बिनव्याजी पतसंस्थेकडे गेले. त्यांनी पैसे हातात दिले नाहीत. मशीन १२,००० रुपयांना स्वतः घेतलं आणि मला १३,२०० ला विकलं. महिना ११००, बारा हप्ते. याला मुराबहा म्हणतात: मूळ किंमत किती, नफा किती, हे आधीच सांगायचं आणि नंतर बदलायचं नाही. ‘म्हणजे व्याजच की!’ असं शेजारीण म्हणाली होती. पावसाळ्यात मी आजारी पडले, दोन हप्ते थकले, तरी देणं १३,२०० च राहिलं. मला फरक तिथं कळला.

साडेतीनला पतसंस्थेच्या आमच्या गटाची बैठक. भिंगारच्या दोन हिंदू वहिनीही येतात.
“खाला, किती लागतील?”
“पाच हजार, बेटा. शेवयांचं सामान भरायचंय, रमजान तोंडावर आलाय.”
हे कर्ज-ए-हसना: घेतलं तेवढंच फेडायचं, वर फक्त कागदपत्रांचा खरा खर्च. दोघी जामीन राहिल्या. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलंय, म्हणून रजिस्टर मी काटेकोर ठेवते. खालांनी अंगठा न देता सही केली. सहीचं शेवटचं अक्षर ओळीबाहेर गेलं, पण त्यांनी ते पूर्ण केलं.

पाच. हप्ता भरून पावती घेतली. ही सोय बँकेतही होऊ शकली असती. रघुराम राजन समितीनं २००८ मध्येच बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. २०१६ मध्ये बार्शीत लोकमंगल सहकारी बँकेनं तसा प्रयत्नही केला. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं मात्र हा विषय पुढे न्यायचा नाही असं ठरवलं. बँकसेवेची संधी सगळ्यांना सारखीच आहे, हे कारण दिलं. ते कारण मला पटत नाही. दार उघडं असलं तरी जिला व्याजामुळे आत जाता येत नाही, तिला ती संधी कुठली सारखी? त्यामुळे सगळा भार छोट्या पतसंस्थांवर, आणि त्यांच्याकडे भांडवल तुटपुंजं.

रात्री नऊ. हातशिलाईला येणाऱ्या पोरीची मजुरी चुकती केली. पुढच्या महिन्यात माझा शेवटचा हप्ता. त्यानंतर काज-बटणाच्या मशीनसाठी अर्ज टाकणार आहे, आणि त्यावर तिचंही नाव भागीदार म्हणून घालणार आहे.