‘गिझर बंद होत नाही’ : एका घरगुती तक्रारीचा अर्थविचार

गेल्या हिवाळ्यात साताऱ्याहून धाकट्या बहिणीचा दूरध्वनी आला : “दादा, गिझर बंदच होत नाही रे.” मी सांगलीस असतो. येथील परिचयाच्या वायरमनला मी ते वाक्य जसेच्या तसे सांगितले. त्याने उलट विचारले, “दिवा जाईना, का पाणी तापायचं थांबंना?” हा प्रश्न भाषाशास्त्र शिकविणाऱ्यास सुचावयास हवा होता, तो सुचला नाही. प्रस्तुत टिपण त्या वाक्यात दडलेल्या निरनिराळ्या अर्थांविषयी आहे. ते वेगळे न केल्यास प्रसंग जिवावर बेतू शकतो.

आमच्या आजीच्या बंबाविषयी अशी संदिग्धता नव्हती. तांबटाने घडविलेल्या त्या भांड्यात मधल्या नळकांड्यात विस्तव आणि सभोवती पाणी असे. विस्तव पेटे वा विझे. पाणी तापे वा निवे. कर्ते वेगळे, क्रियापदेही वेगळी. बंबफोड संपली की विस्तव आपण होऊन विझे. ‘बंब बंद कर’ असे घरात कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. गिझरमध्ये विस्तव दिसेनासा झाला आणि दोन्ही कर्ते एका नामात विलीन झाले. ते नामही आगंतुकच : आइसलँडमधील गेसिर या उष्णोदकाच्या उसळीवरून लंडनच्या बेंजामिन मॉन याने १८६८ मध्ये आपल्या पाणी तापविण्याच्या यंत्रास ते दिले. मूळ गेसिर आपोआप उसळतो व आपोआप थांबतो, ही त्यातली गंमत.

‘बंद’ हे विशेषण तर दुहेरीच आहे. ‘गिझर बंद आहे’ म्हणजे खटका खाली केलेला नाही, किंवा यंत्र बिघडलेले आहे. नकारात आणखी भेद पडतात. ‘बंद होत नाही’ म्हणजे आपोआप थांबत नाही. ‘बंद होईना’ म्हणजे कोणीतरी प्रयत्न केला व तो विफल झाला. सातारा-सांगलीकडच्या बोलीत हे ‘-ना’चे रूप वर्तमानकाळीही सर्रास वापरतात, आणि दोषनिदानास ते फार उपयोगी आहे. खटका बंद करूनही पाणी तापत असेल, तर खटक्याचेच संपर्कबिंदू जोडले गेले असतील. किंवा खटका चुकून न्यूट्रलच्या तारेवर असून तापकाचे निरोधन फुटले असेल व वीज भूतारेतून वाहत असेल. हा दुसरा प्रकार अत्यंत घातक होय. तेथे मुख्य स्विच पाडून गिझरला हात न लावणे हेच योग्य.

आपोआप न थांबण्याचे प्रकरण निराळे. सामान्य गिझरात पितळी नळीत इन्व्हार या मिश्रधातूची सळई असते. तापल्यावर नळी लांबते, सळई जवळजवळ लांबत नाही. या अंतराने संपर्क तुटतो. हाच थर्मोस्टॅट. वारंवार उघडझाप होऊन ठिणग्यांनी त्याचे बिंदू वितळून जुळले, तर वायरमनच्या भाषेत तो ‘चिकटला’. बोअरच्या दुष्फेन पाण्याचे पुट चढल्यास तो चिकटत नाही, परंतु त्याला उष्णता उशिरा कळते.

येथे थोडे गणित करावे. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास २००० वॅटच्या तापकाला सुमारे ३५ मिनिटे लागतात. कोणीही नळ न उघडता तासाभरानेही तापणे चालूच असेल, तर संशय घ्यावा. मात्र दिव्यावर विसंबू नये : काही गिझरांत दिवा थर्मोस्टॅटच्या अलीकडे जोडलेला असतो, तो केवळ वीजपुरवठा दाखवितो आणि कधीच जात नाही. उलट गरम पाण्याचा नळ ठिबकत असेल, तर आत सतत थंड पाणी शिरते व निर्दोष यंत्रही पुनःपुन्हा चालू होते.

थर्मोस्टॅट चिकटला तरी स्वतंत्र कटआउटने वीज तोडावी, आणि तोही फसला तर सुरक्षा झडपेने दाब सोडावा, अशी योजना असते. पुष्कळ घरांत ती झडप ठिबकते म्हणून तिला बूच मारतात. बंद टाकीतील पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर जाते, याची त्यांना कल्पना नसते. (गॅस गिझरची तऱ्हा वेगळी : नळ बंद केल्यावरही ज्योत राहिली, तर आतील पडदा वा झडप अडकलेली असते, प्रथम सिलिंडर बंद करावा व खिडकी उघडावी.)

बहिणीला मी वायरमनचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, “दिव्याचं सोड, नळातून वाफ फुसफुसतेय.” मी तिला मुख्य स्विच पाडावयास सांगितले, आणि टाकी निवेपर्यंत तो नळ कोणी उघडू नये असेही. दुसऱ्या दिवशी तेथील वायरमनने चिकटलेला थर्मोस्टॅट बदलला. कटआउटही निकामी झाल्याचे त्याला आढळले, झडप मात्र शाबूत होती. आठवड्याने तिचा पुन्हा दूरध्वनी आला : “दादा, आता दिवा जातो, पण लगेच परत येतो.” मी विचारले, नळ ठिबकतो का? ठिबकत होता. वॉशर बदलावयास सांगितले.