करार एकाचा, खाटा आठ

मुंबई–अहमदाबाद महामार्गाला घोडबंदर रस्ता येऊन मिळतो तो वरसावे नाका. अंधेरीचं वर्सोवा वेगळं. रिक्षावाल्याला नुसतं 'फाउंटन' म्हटलं तरी तो इथेच आणून सोडतो. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, पुढे वसईची खाडी. खाडीवरचा नवा चौपदरी पूल २०२३ च्या मार्चमध्ये सुरू झाला. महामार्ग आला की हॉटेलं, ढाबे, लॉज, गॅरेजं येतात आणि त्यांच्या पाठोपाठ तिथे राबणारी माणसंही येतात. वेटर, आचारी, ड्रायव्हर, साइटवरचे फिटर. बहुतेकांचं बिऱ्हाड गावी असतं. इथे एका खोलीत पाचजण, सहाजण, कधी आठजण राहतात. रात्रपाळीवाला कामाला गेला की दिवसपाळीवाला त्याच जागेवर आडवा होतो. थोडं पुढे काशिमीरा आणि मीरा रोडकडे गेलं की हेच चित्र जरा नीटनेटकं दिसतं. तिथे टू-बीएचके फ्लॅट असतो, प्रत्येक खोलीत तीन कॉट असतात आणि दारावर 'पीजी' अशी पाटी असते.

अशी जागा भाड्याने द्यायला घरमालकाला कोणता परवाना लागतो? महाराष्ट्रात उत्तर सोपं आहे: त्यासाठी वेगळा परवानाच नाही. कागद मात्र बरेच लागतात. गंमत अशी की हे सगळे कागद भाडेकरूकडे बघतात. तो कोण, कुठला, कधी आला, कधी जाणार. खोलीकडे बघणारा कागद त्यात सापडत नाही. किती माणसं झोपतात, संडास किती, रात्री आग लागली तर बाहेर पडायचं कुठून, हे घरमालकाला कुणी विचारत नाही.

आधी त्या 'पीजी'च्या पाटीचं बघू, कारण बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये पेइंग गेस्टची व्याख्या आहे: घरमालक स्वतः ज्या घरात राहतो, त्याच घराचा काही भाग ज्याला राहायला दिलाय असा, कुटुंबाबाहेरचा माणूस. म्हणजे मालक बोरिवलीला किंवा दुबईला आणि फ्लॅटमध्ये नऊ मुलं, तर पाटीवर काहीही लिहा, कायद्याच्या लेखी ती मुलं पेइंग गेस्ट नाहीत. मग 'पीजी' हा शब्द मालकांना इतका प्रिय का? कारण याच कायद्यातल्या 'लायसन्सी'च्या, म्हणजे लायसन्सवर राहणाऱ्याच्या, व्याख्येतून पेइंग गेस्ट वगळलेला आहे. हॉस्टेल, लॉज, गेस्ट हाउस यांत राहणाराही वगळलेला आहे. पीजी म्हटलं की रीतसर कराराची कटकट नाही, आणि हॉस्टेल म्हटलं नाही की हॉस्टेलचे नियम नाहीत. दोन्हीकडचा फायदा तेवढा उचलायचा आणि जबाबदारी दोन्हीकडची टाळायची, असा हा कारभार आहे.

खरं तर अशा बहुतेक जागांना याच कायद्यातले 'लिव्ह अँड लायसन्स'चे नियम लागू व्हायला हवेत. कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मग मुदत अकरा महिन्यांची असो वा पाच वर्षांची. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही आणि वाद झाला, तर विरुद्ध पुरावा मिळेपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. वर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. उलट करार नीट नोंदवलेला असेल तर कलम २४ मालकाच्या मागे उभं राहतं. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर त्याला दिवाणी कोर्टाच्या फेऱ्या मारायच्या नाहीत, सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं. राहणाऱ्याला त्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते.

नोंदणीचा खर्चही भीती वाटावी असा नाही. महिना वीस हजार भाडं, एक लाख डिपॉझिट आणि अकरा महिन्यांची मुदत धरा. मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून येणाऱ्या रकमेवर लागतं. हिशेब केला तर शुल्क पावणेसहाशेच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. एजंटाची दलाली याच्या कितीतरी पट असते आणि ती मात्र कुरकुर न करता दिली जाते.

मग मालक बिचकतो कशाला? त्याच्या मनात १९७३ आहे, जरी त्याचा जन्म त्यानंतरचा असला तरी. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडेकरूला घट्ट संरक्षण दिलं. त्यातून सुटण्यासाठी मालकांनी 'भाडं नाही, लायसन्स आहे' ही वाट काढली. सरकारने कायद्यात कलम १५ अ घातलं आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सी म्हणून राहत होते त्यांना थेट भाडेकरू ठरवलं. त्या एका तारखेने मुंबईच्या घरमालकांच्या दोन पिढ्या धास्तावल्या. घरं कुलूप लावून ठेवली, पण भाड्याने दिली नाहीत. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा अमलात आला आणि हा धोका मोठ्या प्रमाणात गेला. पण 'कागदावर कमीत कमी लिहा' हे बाळकडू राहिलंच. अकरा महिन्यांचा रिवाजही तसाच चालू आहे, जरी नोंदणी आता मुदतीवर अवलंबून नसली तरी.

एका खोलीत अनेकजण राहतात तिथे ही सवय सर्वांत जास्त नडते. करार बहुधा एकाच्या नावावर असतो. मुलांपैकी जरा जुना असलेला कुणी, हॉटेलचा मॅनेजर, नाहीतर ठेकेदार. बाकीचे सातजण कागदावर नसतातच. त्यांनी डिपॉझिट दिलं ते त्या एकाच्या हातात, भाडंही त्याच्याच हातात. तो एक दिवस निघून गेला की मालक म्हणतो, तुम्ही कोण? मुलंही मालकाला तेच विचारू शकतात, पण सामान रस्त्यावर मुलांचं असतं. करारात एकाहून जास्त लायसन्सी घालता येतात. सगळ्यांची नावं आणि ओळखपत्रं घेऊन एकच करार नोंदवता येतो, आणि एवढं केलं तरी निम्मे वाद मिटतील.

आता पोलीस. वरसावे ज्या मीरा-भाईंदर–वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतं ते १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्या, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे. तो कोणत्या कायद्यातून येतो हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. मुंबई-ठाण्यात अशी माहिती मागवली जाते ती प्रतिबंधात्मक आदेशाने. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ आहे. जमावबंदीसाठी वापरतात तेच हे कलम. त्याखालचा आदेश एरवी दोन महिनेच टिकतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो. आदेश मोडला तर गुन्हा मालकावर दाखल होतो. हेतू सुरक्षेचा आहे आणि तो चुकीचा नाही. फक्त एवढंच लक्षात घ्यावं की राहणाऱ्याची सोय-गैरसोय हा त्याचा विषयच नाही. ओळखपत्र बरोबर असेल तर खोलीत चारजण असोत की चौदा.

सोसायटीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे नियमापेक्षा सेक्रेटरींचा मूड मोठा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची. बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे तर १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाने ठरलेलं आहे. तरी 'बॅचलर चालणार नाही' हे वाक्य ऐकल्याशिवाय मीरा रोडला एकट्या मुलाला घर मिळत नाही. म्हणून तो शेवटी जातो कुठे? जिथे कुणी काही विचारत नाही तिथे. वरसाव्याच्या खोल्या भरण्यामागे हेही एक कारण आहे.

करखात्याचंही नाव घ्यायला हवं. माणशी हिशेब करणारं सरकारी खातं मला तरी हेच दिसलं. जून २०२४ च्या जीएसटी परिषदेच्या निर्णयानंतर माणशी महिना वीस हजारांपर्यंतच्या आणि सलग किमान नव्वद दिवसांच्या निवासाला कर माफ आहे. कॉट मोजायची वेळ आली ती करासाठी.

नात्यात नसलेल्या माणसांनी एका खोलीत राहणं ही काही आजची गोष्ट नाही. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातल्या गावमंडळांच्या खोल्या होत्या. धोबीतलावच्या बाजूला गोव्याच्या गावागावांचे कूड होते आणि काही अजून आहेत. त्यांना सरकारी परवाना नव्हता, पण नियम कडक होते. सभासद कोण, वर्गणी किती, पेटी कुठे ठेवायची, दारू प्यायली तर काय, हे सगळं ठरलेलं असे. जेवणाची सोय खानावळवाल्या बायका करत. त्यांनाच पुढे १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात बांधलं. ही व्यवस्था गावाच्या नात्यावर चालत होती आणि खोलीचा कारभारी गावाला जबाबदार होता. आज वरसाव्याच्या खोलीतही एका जिल्ह्यातली मुलं एकत्र राहतात, पण त्यांचा कारभारी बऱ्याचदा ठेकेदार असतो आणि तो गावाला नाही, कंपनीला जबाबदार असतो.

ठेकेदाराचा विषय निघालाच आहे तर एक कायदा सांगायलाच हवा. इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, १९९६ च्या कलम ३४ मध्ये लिहिलं होतं की साइटवरच्या कामगाराला कामाच्या जागी किंवा जवळ राहण्याची मोफत सोय कामावर ठेवणाऱ्याने करायची. स्वयंपाक, आंघोळ, धुणं आणि संडास यांची व्यवस्थाही वेगळी हवी. कामगार वरसाव्याच्या खोलीचं भाडं स्वतःच्या मजुरीतून भरत असेल, तर प्रश्न घरमालकाच्या परवान्याच्याही आधीचा आहे.

इतरांनी काय केलं? इंग्लंडमध्ये १८५१ पासूनच सार्वजनिक लॉजिंगची नोंदणी आणि तपासणी कायद्याने सुरू झाली. आज तिथे २००४ च्या गृहनिर्माण कायद्याखाली, एकाहून जास्त कुटुंबांतली पाच किंवा अधिक माणसं स्वयंपाकघर-बाथरूम सामाईक वापरत असतील तर मालकाला स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो. २०१८ पासून एका प्रौढ माणसाच्या झोपण्याच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे सत्तर चौरस फूट, आणि दोघांच्या खोलीला १०.२२ चौरस मीटर जागा हवी. इतक्या लांब जायचीही गरज नाही. बेंगळुरू महापालिकेने २०२४ मध्ये पीजीसाठी माणशी सत्तर चौरस फूट जागेचा दंडक घातला. चंडीगडमध्ये पीजीची नोंदणी २००६ पासूनच सक्तीची होती. तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये सेक्टर ३२ मधल्या एका नोंदणी नसलेल्या पीजीला आग लागून तीन तरुणी गेल्या. नियम असून तपासणी नसेल तर काय होतं, याचं उदाहरण म्हणून ते शहर लक्षात ठेवावं.

आपल्याकडेही हा विचार झालेलाच नाही असं नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत निवासी इमारतींचे उपप्रकार आहेत. त्यात फ्लॅटच्या इमारती वेगळ्या आणि डॉर्मिटरी वेगळ्या. डॉर्मिटरीचं वर्णन करताना संहिता 'एकाच कुटुंबातले नसलेले लोक' एकत्र झोपतात ती जागा, असंच म्हणते. बांधताना राहण्याची खोली साडेनऊ चौरस मीटरपेक्षा लहान नको, पाणी माणशी रोज १३५ लिटर, हे आकडेही तिथेच सापडतात. पण हे सगळं नकाशा मंजूर होईपर्यंत. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं, फ्लॅटमध्ये आठ कॉट आल्या, तरी कागदावर तो फ्लॅटच राहतो. पालिकेच्या हातात आरोग्याची आणि धोकादायक इमारतींची कलमं आहेत, पण ती काही बिघडल्यावर किंवा तक्रार आल्यावर हलतात.

परवाना आणला तर काय होईल, याची धास्तीही खरी आहे. एक खिडकी वाढेल आणि तिच्यामागे एक हात वाढेल. मालक खर्च भाड्यात टाकेल, किंवा खोल्या बंद करेल आणि आठजण पुलाखाली जातील. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ५ लाख २० हजारांवरून ८ लाख ९ हजारांवर गेली. एवढ्या लोकांना स्वस्त घरं सरकारने दिली नाहीत, याच खोल्यांनी दिली. म्हणून इंग्लंडचा परवाना उचलून इथे आणावा असं मला वाटत नाही.

पण नोंदणीच्या अर्जात दोन रकाने वाढवायला नवं खातं लागत नाही: जागेचं क्षेत्रफळ किती आणि तिथे झोपणारे किती. ऑनलाइन करारात नाव, आधार, फोटो, अंगठा सगळं घेतलं जातं, मग हेही घेता येईल. त्यातली एक प्रत महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे जावी आणि सहाहून जास्त असंबंधित माणसं असतील तिथे वर्षातून एकदा कुणीतरी जाऊन बाहेर पडायची वाट मोकळी आहे का, वायरिंग कसं आहे, सिलिंडर कुठे ठेवलाय, एवढं बघावं. मीरा-भाईंदर महापालिकेने याची सुरुवात महामार्गाच्या कडेच्या वस्त्यांपासून करावी.

तोवर तुम्ही मालक असाल तर प्रत्येक राहणाऱ्याचं नाव करारात घाला. आणि राहणारे असाल तर डिपॉझिट देताना पावती मागा, ज्याच्या हातात पैसे दिले त्याच्या सहीची.