आधी इंग्रजी पक्कं, मग स्पॅनिश?

अंबड म्हटलं की नाशिककरांच्या डोळ्यांपुढे आधी औद्योगिक वसाहत येते. पाळी सुटल्यावर एक्सलो पॉइंटला होणारी गर्दी, आणि लगेच पलीकडे सिडकोच्या सहा योजना. इथल्या शाळेतल्या एकाच बाकावर खानदेशातून आलेल्या घरातलं, आजीशी अहिराणीत बोलणारं मूल असतं आणि त्याच्या शेजारी घरी भोजपुरी ऐकणारं. पहिलीत पाऊल टाकण्याआधीच या मुलांच्या कानावर दोन-तीन भाषा पडलेल्या असतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरासाठी कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रशियन या परदेशी भाषांची नावं आली. तेव्हापासून 'आपल्याकडेही स्पॅनिश सुरू करू या' हा विचार छोट्या शाळांपर्यंत पोहोचला आहे. त्याच्या मागोमाग ठाम समजुतीही आल्या. त्यांतल्या काही मुलांचं नुकसान करतात, म्हणून एकेक तपासून पाहायला हवी.

एक खुलासा आधीच करतो. पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून २०२५ मध्ये महाराष्ट्रात रान पेटलं आणि २९ जूनला सरकारने दोन्ही शासन निर्णय मागे घेतले. पालकांच्या मनात त्याची धास्ती आहे आणि ती रास्त आहे. इथे मी बोलतोय ते सातवी-आठवीच्या, मुलांनी आपणहून निवडायच्या वर्गाबद्दल. सक्ती असेल तर यातलं काहीच लागू नाही.

गैरसमज : 'ज्यांचं इंग्रजीच कच्चं आहे, त्यांना स्पॅनिश कशी झेपणार?'

ही समजूत सर्वांत पसरलेली आणि सर्वांत चुकीची. तिच्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांना वर्गाच्या दारातूनच परत पाठवलं जातं. वस्तुस्थिती अशी की, स्पॅनिशच्या पहिल्या वर्षात इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला ज्या गोष्टी अडतात, त्यांतल्या बऱ्याच मराठी मुलाला जन्मापासून येत असतात.

आवड सांगणारी वाक्यं घ्या. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे मला आंबा आवडतो. 'मे गुस्तान लास उवास' म्हणजे मला द्राक्षं आवडतात. आंबा एक म्हणून 'गुस्ता', द्राक्षं अनेक म्हणून 'गुस्तान'. क्रियापद चालतं ते फळाच्या वचनाप्रमाणे, खाणाऱ्याच्या नाही. इंग्रजीत 'मी' कर्ता असतो, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्यांना ही रचना उलटीपालटी करून समजवावी लागते आणि तरी ते चुकतात. मराठी मुलाला समजवायचं काय? 'मला', 'आवडतो', 'आवडतात' हे तो रोज म्हणतो. फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहा आणि गप्प राहा. नियम मुलंच सांगतील. हाच धडा इंग्रजी पुस्तकातून, इंग्रजी अर्थ देत शिकवला, तर ज्या गोष्टीत मूल आधीच तरबेज आहे तीच आपण त्याला अवघड करून ठेवतो.

दुसरं उदाहरण. 'बेओ ला कासा' म्हणजे मी घर पाहतो. पण 'बेओ आ रमेश' म्हणजे मी रमेशला पाहतो. कर्म माणूस असेल तर मध्ये 'आ' येतो, निर्जीव वस्तू असेल तर येत नाही. 'रमेशला' म्हणताना आपण 'ला' लावतो आणि 'घर पाहतो' म्हणताना लावत नाही, तसंच.

लिंगाचंही तेच. 'गातो ब्लांको' म्हणजे पांढरा बोका, 'गाता ब्लांका' म्हणजे पांढरी मांजर. निर्जीव वस्तूला लिंग असतं याचं मराठी मुलाला नवल वाटत नाही. उलट आपल्या तीनऐवजी इथे दोनच आहेत म्हटल्यावर त्याला हायसं वाटतं. एक सावधगिरी मात्र हवी : विशेषण बहुतेक वेळा नामानंतर येतं, ते सरावानेच बसतं. आणि 'मी जातो', 'मी जाते' असा भेद क्रियापदात नाही. मुलगा आणि मुलगी दोघंही 'बोय' म्हणतात. 'मी' वेगळा म्हणायचीही गरज नाही, आपण नुसतं 'जातो' म्हणतो तसं.

आदराचं रूपही ओळखीचं. मित्राला 'तू', परक्या मोठ्या माणसाला 'उस्तेद'. यातला 'तू' उच्चारानेही आपलाच. स्पॅनिशचे त आणि द दातांना जीभ लावून म्हणायचे, ट आणि ड नव्हेत. पाच स्वरांचे उच्चारही ठरलेले : आ, ए, इ, ओ, उ. इंग्रजीच्या तासाला स्पेलिंगपुढे हताश होणारं मूल स्पॅनिशचा परिच्छेद महिन्याभरात मोठ्याने वाचू लागतं. त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट असते.

म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्याने पहिला निर्णय हा घ्यावा : समजावण्याची भाषा मराठी. इंग्रजीची अट प्रवेश अर्जावरून काढून टाकावी.

गैरसमज : 'म्हणजे स्पॅनिश सोपीच आहे.'

असंही नाही. जिथे मराठी मदतीला येत नाही तिथे वेळ द्यावा लागतो.

'सोय दे नाशिक' म्हणजे मी नाशिकचा आहे. 'एस्तोय एन नाशिक' म्हणजे मी नाशिकमध्ये आहे. मराठीत दोन्हीकडे एकच 'आहे', स्पॅनिशमध्ये दोन वेगळी क्रियापदं. बरेच शिक्षक इथे झटपट नियम देतात, की कायमच्या गोष्टीला पहिलं आणि तात्पुरत्या गोष्टीला दुसरं. मग मूल 'माझं घर अंबडला आहे' हे वाक्य करायला घेतं. घर काही हलणार नाही, म्हणून पहिल्या क्रियापदाचं 'एस' हे रूप लावतं आणि चुकतं. ठिकाण सांगताना दुसरंच लागतं : 'मी कासा एस्ता एन अंबड'. तेव्हा कायम-तात्पुरतं विसरावं. तू कोण, कुठला, कसा आहेस हे एकीकडे. कुठे आहेस, आत्ता तुझी अवस्था काय आहे हे दुसरीकडे. एवढ्या सूत्रावर पहिली दोन वर्षं निभतात.

उच्चारात दोन अडथळे. 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. दुसऱ्यातला र जिभेवर चांगला घोळवावा लागतो. दुसरा अडथळा घशातल्या 'ख़'चा. मराठी मुलं तिथे 'ह' किंवा आपला 'ख' म्हणतात. वर्गात उर्दू कानावर असलेलं मूल असेल तर त्याला पुढे बोलवावं, ते 'ख़बर' म्हणून दाखवेल.

आणि देवनागरीत उच्चार लिहून घेण्याची सवय. पहिल्या आठवड्यात ती उपयोगी पडते, पुढे घात करते. आघात पहिल्या अक्षरावर असेल तर 'पापा' म्हणजे बटाटा, शेवटच्या अक्षरावर असेल तर बाबा. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. रोमनमध्ये शेवटच्या अक्षरावर आघातचिन्ह असतं आणि ते शुद्धलेखनाचा भाग असतं. वहीत देवनागरी उच्चार लिहायला दिवाळीनंतर बंदी घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरसमज : 'एका वर्षात मुलं बोलायला लागतील.'

माहितीपत्रकात हे वाक्य हमखास असतं. त्यावर साधा हिशेब मांडू.

युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात भाषेचे सहा स्तर आहेत. पहिला ए१ : स्वतःची ओळख देणं, ओळखीच्या विषयावर साधे प्रश्न विचारणं, सावकाश बोललेलं समजणं. तिथे पोहोचायला ढोबळमानाने साठ ते शंभर तास लागतात. हे तास साठ मिनिटांचे. शाळेतला 'तास' पस्तीस मिनिटांचा. आठवड्याला दोन तासिका म्हणजे सत्तर मिनिटं. गणपती, दिवाळी, घटक चाचण्या, स्नेहसंमेलन आणि सहामाही वजा जाता हाती तीसेक आठवडे राहतात. सत्तर गुणिले तीस म्हणजे पस्तीस घड्याळी तास.

म्हणजे ए१ ला किमान दोन वर्षं. सातवीत सुरुवात, आठवीत पूर्ण, नववी-दहावीला मोकळं. पालकांना हे जूनमध्येच लेखी सांगावं. एका वर्षाचं आश्वासन देणारी शाळा खोटं तरी बोलते किंवा धडे पळवते. धडे पळवले की मार्चमध्ये पुस्तक संपलेलं असतं आणि मुलाला आपल्या आईचं नाव-गाव सांगता येत नाही.

दुसरा हिशेब वर्गाच्या संख्येचा. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाला शिक्षकासमोर बोलायची संधी द्यायची, तर पस्तीस मिनिटांत वाट्याला एक मिनिटही येत नाही. म्हणून वर्ग पंचवीसच्या वर नसावा आणि निम्मी तासिका जोड्यांनी बोलण्याची असावी. आखणी अशी दिसेल : पाच मिनिटं मागच्या वेळच्या प्रश्नांची उजळणी, दहा मिनिटं नवीन मुद्दा, पंधरा मिनिटं जोडीने बोलणं, शेवटची पाच मिनिटं दोन-तीन जोड्यांनी सर्वांपुढे. बोलायला खरा विषय हवा. भाजीबाजाराचा प्रसंग द्या : एक जण विकणारा, एक घेणारा, तोमाते किती, उवास किती, पैसे मोजायचे. संख्या, वचन आणि उस्तेद, तिन्ही एका प्रसंगात येतात. गोंगाट होईल. मुख्याध्यापकांनी तो खपवून घ्यायला हवा.

गैरसमज : 'हा मार्कांचा विषय आहे, पाठ केलं की झालं.'

परदेशी भाषेत पैकीच्या पैकी मिळतात, या हिशेबाने ती निवडणारे पालक खूप आहेत. शाळेची लेखी परीक्षा पाठांतरावर निघतेही. पण भाषा किती आली याचा दाखला हवा असेल तर इन्स्तितुतो सेर्व्हान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची 'देले' परीक्षा आहे, आणि तिची ए१ पातळीवर शालेय मुलांसाठी वेगळी आवृत्तीही आहे. तिची गुणपद्धत पाहण्यासारखी आहे. वाचन आणि लेखन मिळून पन्नास, ऐकणं आणि बोलणं मिळून पन्नास. दोन्ही गटांत वेगवेगळे किमान तीस हवेत. लेखीत पन्नासपैकी पन्नास घेतले आणि तोंड उघडलं नाही, तर नापास.

शाळेने आपली अंतर्गत चाचणीही याच धर्तीवर ठेवावी. पहिल्या सत्राची परीक्षा पूर्ण तोंडी असली तरी चालेल.

गैरसमज : 'स्पेनची भाषा आहे, तर स्पेनचीच शिकवायची.'

स्पेनची लोकसंख्या पाच कोटींच्या आत आहे, एकट्या मेक्सिकोची तेरा कोटींच्या आसपास. बहुतेक स्पॅनिश भाषक अटलांटिकच्या पलीकडे राहतात. मेक्सिकोत बटाट्याला 'पापा' म्हणतात, स्पेनमध्ये 'पाताता'. शिक्षकाला जी येते ती त्याने शिकवावी, दुसरी ऐकवावी, आणि उत्तरपत्रिकेत दोन्ही बरोबर धराव्यात. याहून जास्त वेळ या वादात घालवू नये.

गैरसमज : 'स्पॅनिश आली की नोकरी पक्की.'

अंबडमध्ये हा प्रश्न येणारच. घरातलं कर्तं माणूस वसाहतीत कामाला असतं. शिवाय स्पेनशी नातं इथे दूरचं नाही. बिल्बाओच्या सीआयई ऑटोमोटिव्हने २०१३ मध्ये महिंद्राशी करार केला, त्यातून महिंद्रा सीआयई उभी राहिली आणि २०२३ मध्ये तिचं नाव सीआयई ऑटोमोटिव्ह इंडिया झालं. वाहनांचे प्रेसचे भाग बनवणारा तिचा कारखाना नाशिकमध्ये आहे.

पण कारखान्याचे मालक स्पॅनिश असले म्हणून प्रेसवर किंवा स्टोअरमध्ये स्पॅनिश लागत नाही. भाषेच्या जोरावर काम मिळतं ते अनुवादात, ग्राहकसेवेत, निर्यातीच्या पत्रव्यवहारात, आणि तिथे साधारण बी२ पातळी मागतात. ती ए१ पासून तीन पायऱ्या वर, एकूण पाचशे-सहाशे घड्याळी तासांवर. शाळेच्या वेगाने गेलं तर पंधरा वर्षं लागतील. ते अंतर कॉलेजात, रोजच्या वर्गांनी कापायचं असतं. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, तशी सोय आहे. आठवीत ए१ झालेलं मूल तिथे न बुजता बसेल. एवढंच पालकांना सांगावं. हेही कमी नाही.

गैरसमज : 'शिक्षक स्पेनचाच हवा, नाहीतर अ‍ॅप बरं.'

अ‍ॅप शब्द पाठ करून घेतं. 'एस्ता'च्या जागी 'एस' का चुकलं, हे ते मराठीत समजावत नाही. आणि स्पेनहून आलेल्या शिक्षकाला 'मला आवडतो' ठाऊक नसतं, त्यामुळे मुलाकडे आधीपासून काय आहे हे त्याला दिसत नाही. बारा-तेरा वर्षांच्या नवख्या मुलांसाठी, स्वतः मराठीतून ही भाषा शिकलेला आणि बी२ च्या वर असलेला शिक्षक जास्त उपयोगाचा. त्याचा उच्चार थोडा मराठी असेल तर असू दे. कानासाठी ध्वनिफिती आहेत. सेर्व्हान्तेसच्या 'सेन्त्रो विर्तुआल' या संकेतस्थळावर शिक्षकांसाठी साहित्य विनामूल्य आहे.

एका शाळेला पूर्ण पगाराचा असा शिक्षक परवडत नाही, हे खरं आहे. आठवड्याला दोन तासिकांसाठी तो नेमणंही व्यवहार्य नाही. पण सिडको-अंबडच्या चार शाळांनी मिळून एक शिक्षक नेमला, वार वाटून घेतले, आणि प्रत्येकीने सातवीची एक व आठवीची एक अशा दोन तुकड्या ठेवल्या, तर आठवड्याच्या सोळा तासिका भरतात. त्यासाठी चारही मुख्याध्यापकांना एप्रिलमध्येच, जूनचं वेळापत्रक लागण्याआधी, एकत्र बसावं लागेल.