संगणकाच्या आज्ञावलीला ठिगळ

फाटक्या सदऱ्याला ठिगळ लावतात हे तुम्ही पाहिलेच आहे. संगणकाच्या आज्ञावलीलाही ठिगळ लावतात! पूर्वी आज्ञावली कागदी फितीवर भोके पाडून लिहीत. भोक चुकले, की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवीत. अशा दुरुस्तीला आजही ‘पॅच’, म्हणजे ठिगळच, म्हणतात.

आजचे ठिगळ ही मजकुराची एक छोटी फाइल असते. काढायच्या ओळींपुढे वजाचे चिन्ह, घालायच्या ओळींपुढे अधिकचे. जागा ओळखता यावी म्हणून आजूबाजूच्या दोन-तीन ओळीही खुणेसाठी दिलेल्या असतात. १९८५ साली लॅरी वॉल यांनी लिहिलेली ‘पॅच’ ही आज्ञावली या खुणा शोधून दुरुस्ती आपोआप करते. नव्या आवृत्तीत ओळी खालीवर सरकल्या असतील, तर ती पुढेमागे शोध घेते. खुणा जुळल्याच नाहीत, तर ठिगळ नाकारते.

लिनक्सचे वितरण म्हणजे हजारो आज्ञावलींचा संच. १९९३ साली सुरू झालेले डेबियन हे त्यांपैकी एक. त्यात बहुधा मूळ आज्ञावली जशीच्या तशी ठेवून सोबत ठिगळांची क्रमवार यादी देतात. यंत्र ती एकामागून एक लावते. तयार पॅकेजे अंकीय सहीने पारखली जाऊन, तशी सोय केली असल्यास, लोकांच्या संगणकांवर आपोआप बसतात. एवढे काम हाताने होणे कठीणच.

मग माणसाचे काम संपले काय? २००६ सालची गोष्ट पाहा. ओपनएसएसएल ही आज्ञावली गुप्त किल्ल्या तयार करते. किल्ली ओळखता येऊ नये म्हणून ती अंदाज न बांधता येणाऱ्या संख्यांपासून बनवावी लागते. दोष शोधणाऱ्या एका साधनाने या आज्ञावलीबद्दल तक्रार केली, म्हणून डेबियनच्या ठिगळाने तिच्यातील दोन ओळी काढल्या. परंतु अशा संख्या मिसळण्याचे काम त्यांतीलच एक ओळ करीत होती! बदलणारी गोष्ट उरली ती फक्त चालू प्रक्रियेचा क्रमांक, आणि तो सहसा ३२,७६८ च्या पुढे जात नसे. एवढ्या किल्ल्या तर संगणक सहज ताडून पाहतो.

दोष उघड झाला मे २००८ मध्ये. दुरुस्त पॅकेज झटपट पोहोचले; परंतु आधी बनलेल्या कच्च्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या.

खुणा जुळतात की नाही, एवढेच यंत्र पाहते. ओळ तेथे कशासाठी आहे, हे ती काढण्यापूर्वी माणसानेच विचारायला हवे.