पटावरील कीर्द-खतावणी

हैदराबादच्या सुलतान बाजारातील व्यापाऱ्यास हिशेबाचे महत्त्व सांगणे म्हणजे सूर्यास दिवा दाखविणे होय. तथापि यंदाच्या स्मरणिकेत आम्ही एका निराळ्याच खात्याचा ताळेबंद वाचकांपुढे ठेवीत आहोत. खाते बुद्धिबळाचे आहे आणि खातेदार आम्ही स्वतःच आहोत.

7 फेब्रुवारी 2020 रोजी आमच्या बाजारावरून मेट्रो धावू लागली, आणि पुढच्याच महिन्यात टाळेबंदीने गाडीही थांबली व बाजारही थांबला. त्या रिकाम्या दिवसांत आम्ही भ्रमणध्वनीवर, लिचेस नामक संकेतस्थळावर, अनोळखी प्रतिस्पर्ध्यांशी डाव मांडू लागलो. 2010 साली थिबो द्युप्लेसी या फ्रेंच गृहस्थाने उभारलेले हे स्थळ देणग्यांवर चालते. खेळणाऱ्याकडून पैही घेत नाही. तेथे प्रत्येक नवागताच्या नावे 1500 गुण मांडले जातात. जिंकल्यास ते वाढतात, हरल्यास घटतात, आणि आपल्याहून दुबळ्याकडून हरल्यास अधिकच घटतात. हे भांडवल उसने होते, हे आम्हांस लवकरच उमगले. महिन्याभरात आम्ही 1200 च्या खाली आलो.

त्या काळची आमची खेळण्याची तऱ्हा पाहता याचे नवल वाटू नये. वजीर प्रथमच बाहेर काढावा आणि काळ्या राजाच्या बाजूच्या उंटापुढील प्याद्यावर धाड घालावी, एवढीच आमची विद्या. आरंभी त्या प्याद्यास राजावाचून दुसरा राखणदार नसतो, म्हणून नवशिक्यावर चार खेळ्यांत मात होते. पण जाणता खेळाडू घोडे बाहेर आणून त्याच वजिरावर रोख धरी. आमचा वजीर पळे, त्याची मोहरी पुढे येत, आणि आमचे उंट-घोडे घरीच बांधलेले राहत.

थोर खेळाडू डाव संपल्यावर तो पुन्हा मांडून पाहतात, असे आम्ही वाचले होते. त्यावरून आम्हांस सायंकाळच्या प्रतिक्रमणाची आठवण झाली. दिवसाचे दोष आठवून त्यांची आलोचना करावी, ही आपली जुनी शिकवण. ती पटास का लागू नये? आम्ही एक वही घातली. हरलेला प्रत्येक डाव तीत उतरवून, तो कोणत्या खेळीस बिघडला हे लिहावयाचे आणि नुकसान चार कषायांपैकी एकाच्या नावे टाकावयाचे, असा क्रम ठेवला. हरल्यावर चिडून लगेच मांडलेला दुसरा डाव क्रोधाच्या खाती. कमी गुणांच्या खेळाडूस तुच्छ लेखले, ते मानाच्या. खेळी चांगली नव्हे हे ठाऊक असूनही समोरच्यास दिसणार नाही या आशेने केली, ती मायेच्या. फुकटचे प्यादे पाहून धावलो, ते लोभाच्या. वर्षअखेर बेरीज केली तेव्हा लोभाचे खाते सर्वांत जड निघाले.

औषध मग सोपे होते. प्रथम घोडे-उंट बाहेर काढावेत, दहाव्या खेळीच्या आत राजाचा किल्लेकोट करावा, आणि प्यादे उचलण्यापूर्वी समोरच्याने ते का सोडले हे स्वतःस विचारावे. तीन मिनिटांचे डाव टाकून पंधरा मिनिटांचे धरले. लागोपाठ दोन हार झाल्यास त्या दिवशी पट बंद. गुण हळूहळू 1600 च्या उंबरठ्याशी आले.

तेथेच आमचा पाय घसरला. एका रात्री अडलेल्या डावात आम्ही शेजारच्या दुसऱ्या यंत्रावर स्टॉकफिशला खेळी विचारली. कोणत्याही मनुष्यास न हरणारी ही संगणकी बुद्धी डाव चालू असता वापरणे नियमाने वर्ज्य आहे. आम्ही जिंकलो, 1600 ओलांडले, आणि प्रतिस्पर्ध्याने ‘सुंदर खेळलात’ असे लिहून पाठविले. ते शब्द वाचवेनात. दुकानात मापात मारीत नाही म्हणून अभिमान बाळगणाऱ्या आम्ही पटावर अस्तेयव्रत मोडले होते. आम्ही त्या अनोळखी गृहस्थास खरे काय ते कळविले. उत्तर आले नाही. गुण परत द्यावेत तर मुद्दाम हरणे हेही नियमबाह्य. अखेर ते खातेच बंद केले आणि पुनश्च 1500 पासून आरंभ केला.

सप्तव्यसनांत द्यूत पहिले, मग हा नाद कशासाठी, असे वडीलधारी मंडळी विचारतात. आमच्या पटावर पैसा लागत नाही, हे उत्तर खरे असले तरी पुरते नाही. पणावाचूनही मन हरपू शकते, हे आमच्या वहीनेच आम्हांस दाखविले आहे. म्हणून घड्याळ आम्ही घरच्यांच्या हाती दिले आहे. रात्री दहानंतर डाव नाही.

आज नव्या खात्यावर 1540 गुण आहेत. जुन्यापेक्षा ते कमी आहेत, पण त्यांतील एकही उसना नाही. ताळेबंद जुळला, एवढेच आम्हांस पुरे आहे.